जुना व्हॉल्व्ह व नवें अंकयंत्र

महोत्सवाच्या प्रसंगीं मनुष्य सहजच मागें वळून पाहतो, आणि वडिलांनीं ठेविलेल्या वस्तूंपैकीं कोणती जपावी व कोणती काढून टाकावी, हा प्रश्न त्याच्यापुढें उभा राहतो. ह्या प्रश्नाचें उत्तर आपण पुष्कळदां घाईनें देतों. जुनें तें सोनें असें एक म्हणतो, नवें तेंच खरें असें दुसरा म्हणतो, आणि दोघांनाही पूर्ण चौकशी करण्यास सवड नसते. आम्ही येथें वाद्याच्या व्यवहारांतील एका लहानशा गोष्टीचा इतिहास सांगणार आहों. गोष्ट लहान असली तरी तिच्यांत हाच प्रश्न आहे, म्हणून वाचकांनीं ती धीरानें ऐकावी अशी विनंति आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या तरुण वादक मंडळीजवळ व्हॉल्व्हवर चालणारा गिटारचा एक जुना अँप्लिफायर होता. वजनास जड, तापण्यास वेळ घेणारा, परंतु आवाजास गोड. त्याच्या जोडीला एक नवा डिजिटल प्रोसेसर आला. प्रतिध्वनि, घुमारा, आवाजाची लहर, इतकेंच नव्हे तर दुसऱ्या कित्येक अँप्लिफायरांचीं सोंगेंही त्या एवढ्याशा पेटींत भरलेलीं होतीं. मंडळींनीं मोठ्या उत्साहानें गिटारची तार पेटींत व पेटीची तार अँप्लिफायरच्या तोंडांत घातली. जो आवाज निघाला तो घोंगडींत गुंडाळलेल्या ढोलासारखा ! लागलीच दोन पक्ष पडले. पेटी विकून टाका, असें वडील म्हणाले. अँप्लिफायर मोडींत घाला, असें तरुण म्हणाले. आम्हीं दोन्हीं पक्षांस एवढेंच सांगितलें कीं, निकाल देण्यापूर्वीं दोघांचीं कुळें पाहावीं.

व्हॉल्व्हचें कुळ थोर आहे. इ. स. 1904 मध्यें जॉन अँब्रोझ फ्लेमिंग ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें पहिला व्हॉल्व्ह सिद्ध केला, आणि 1906 सालीं अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट ह्यानें त्यांत तिसरा भाग, म्हणजे एक बारीक जाळी, घातली. ह्या जाळीनेंच चमत्कार केला. निर्वात कांचेच्या नळींत तापलेल्या धातूपासून इलेक्ट्रॉन निघतात व समोरच्या पत्र्याकडे धांवतात. मधल्या जाळीवर दुबळासा विद्युद्दाब दिला तरी तो ह्या मोठ्या ओघास कमीजास्त करतो, जसा पाटाच्या तोंडाशीं बसलेला माळी एका फळीनें सगळ्या वाफ्यांचें पाणी राखतो. दुबळ्या संदेशाचा सबळ संदेश करण्याची ही युक्ति होय. तिच्यावर रेडिओ उभा राहिला, बोलपट उभा राहिला, आणि पुढें विजेची गिटारही उभी राहिली.

विजेच्या गिटारचा व्यापारी आरंभ 1930 नंतरच्या दोनतीन वर्षांतला. अमेरिकेंत लॉस एंजेलिस येथें जॉर्ज बोशाँप व अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर ह्यांनीं तारांचें कंपन लोहचुंबकानें टिपणारी गिटार 1932 सालीं बाजारांत आणिली. तोंपर्यंत नृत्याच्या मोठ्या वाद्यवृंदांत पितळी वाद्यांपुढें गिटार ऐकूंच येत नसे. 1939 सालीं चार्ली ख्रिश्चन हा तरुण वादक बेनी गुडमन ह्यांच्या वृंदांत दाखल झाला, आणि अँप्लिफायरच्या बळावर गिटार इतर वाद्यांच्या बरोबरीनें बोलूं लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवीं लिओ फेंडर ह्यांच्या कारखान्यानें 1952 मध्यें बासमन नांवाचा अँप्लिफायर काढिला. लंडन येथील एक ढोलवादक व दुकानदार जिम मार्शल ह्यांनीं त्याच बासमनचा नमुना पुढें ठेवून 1962 सालीं आपला पहिला अँप्लिफायर करविला. व्हॉक्स ह्या छापाचा एसी-30 अगोदरच प्रसिद्धीस येत होता. पुढील साठ वर्षें गिटारच्या आवाजाचें माप ह्या तीन घराण्यांवरून घेतलें गेलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

आतां एक नवलाची गोष्ट. अँप्लिफायर करणाऱ्यांचा हेतु आवाज स्वच्छ मोठा व्हावा हा होता. परंतु व्हॉल्व्हला त्याच्या शक्तीपलीकडे ताणलें म्हणजे तो एकाएकीं तुटत नाहीं. आवाजाचीं शिखरें हळूहळू गोल होतात आणि मूळ स्वरांत त्याच्या पटींतले दुसरे स्वर मिसळतात. त्यामुळें आवाजाला खरखर येते, पण ती गायकाच्या भरलेल्या गळ्यासारखी असते. कारागिरांच्या दृष्टीनें हा दोष. वादकांनीं त्यास गुण मानिलें. जोरानें छेडलें तर अँप्लिफायर गर्जतो, हलक्या हातानें छेडलें तर स्वच्छ बोलतो. अँप्लिफायर नुसता लाउडस्पीकर न राहतां वाद्याचा अर्धा भाग झाला. पुढील सगळा झगडा समजण्यास ही गोष्ट मनांत ठेवणें अवश्य आहे.

दुसरें कुळ प्रतिध्वनीचें. उंच छताच्या देवळांत गायिलेला स्वर गायक थांबल्यावरही क्षणभर वर फिरत राहतो, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नाहीं. तशा घुमाऱ्यावांचून बंद खोलींत मुद्रित केलेला आवाज कोरडा वाटे. त्यावर माणसांनीं नाना उपाय योजिले. शिकागोच्या बिल पुटनम ह्यांनीं 1947 सालीं स्नानगृहाचाच घुमारा मुद्रणांत वापरला. जर्मनीच्या ईएमटी कंपनीनें 1957 मध्यें टांगलेल्या पोलादी पत्र्यापासून घुमारा निर्माण केला. हॅमंड ऑर्गनमधील स्प्रिंगांची युक्ति उचलून फेंडर ह्यांनीं 1961 सालीं निराळी घुमाऱ्याची पेटी काढिली, व 1963 मध्यें ती व्हायब्रोव्हर्ब नांवाच्या अँप्लिफायरच्या पोटांतच बसविली. प्रतिध्वनीकरितां चुंबकीय फीत फिरूं लागली : रे बट्स ह्यांच्या एकोसॉनिक अँप्लिफायरमध्यें ती 1950 नंतर लवकरच आली, लंडनच्या चार्ली वॉटकिन्स ह्यांची कॉपिकॅट 1958 सालीं व अमेरिकेंतील एकोप्लेक्स 1959 सालीं निघाली. परंतु फीत झिजे, तुटे, मळे. स्प्रिंग धक्क्यानें खणखणे. 1969 सालीं फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेंत सँग्स्टर व टीअर ह्या दोघांनीं एक विद्युन्मंडल शोधून काढिलें. आग विझवितांना माणसें रांगेनें बादल्या हातोहात देतात तसा त्यांत ध्वनीचा अंश एका कप्प्यांतून दुसऱ्यांत दिला जातो, व म्हणूनच त्यास बादल्यांच्या रांगेचें नांव पडलें. 1976 सालीं जपानच्या बॉस कंपनीनें ह्याच तत्त्वावर कोरसचें पहिलें पेडल बाजारांत आणिलें.

ह्यापुढें अंकांचें युग येतें. ध्वनीचे तुकडे करून प्रत्येक तुकडा आंकड्यांत लिहावा, ही कल्पना अ‍ॅलेक रीव्ह्ज ह्या इंग्रज अभियंत्यास पॅरिस येथें 1937 सालीं सुचली. त्या वेळीं ती अमलांत आणण्याजोगीं साधनें नव्हतीं. 1947 च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि साधनांचा मार्ग मोकळा झाला. आज एखादा साधा प्रोसेसर दर सेकंदास 48,000 वेळां ध्वनीचें माप घेतो, त्या मापांवर गणित करतो, आणि उत्तरापासून पुन्हां ध्वनि निर्माण करतो. प्रतिध्वनि हवा असल्यास तीं मापें क्षणभर साठवून पुन्हां वाचावयाचीं एवढेंच. फीत नाहीं, झीज नाहीं. लेक्सिकॉन कंपनीचें डेल्टा-टी हें विलंबयंत्र 1971 सालीं आलें. इव्हेंटाइड कंपनीचें एच-910 हें स्वर उंच-नीच करणारें यंत्र 1975 चें, आणि ईएमटीचें अंकीय घुमाऱ्याचें यंत्र 1976 चें. तीं सारीं मुद्रणगृहांसाठीं होतीं. सामान्य वादकाच्या खिशास तीं परवडण्याजोगीं नव्हतीं. बॉस कंपनीचें डीडी-2 हें पायानें दाबावयाचें लहान डिजिटल पेडल 1983 च्या सुमारास निघालें, तेव्हां अंक खऱ्या अर्थानें गिटारवाल्याच्या पायाशीं आले.

आणि येथेंच दोन्हीं कुळांची गांठ पडली व भांडण सुरू झालें. त्याचें कारण क्रम. जुन्या अँप्लिफायरला एकच तोंड असे. जें कांहीं जोडावयाचें तें तोंडाशींच. आतां अँप्लिफायर स्वतःच आवाजास खरखर आणीत असेल, तर त्याच्या तोंडीं प्रतिध्वनि दिल्यास काय होईल ? मूळ स्वर व मागचे प्रतिध्वनि एकत्रच व्हॉल्व्हमध्यें शिरतात, एकत्रच दाबले जातात, आणि त्यांच्या मिसळण्यांतून भलतेच स्वर उत्पन्न होतात. प्रतिध्वनि दूर जाऊन मावळावयाचा, तो मूळ स्वराच्या अंगावरच चढून बसतो. निसर्गांत असें घडत नाहीं : देवळांत आधीं गळ्यांतून स्वर निघतो आणि मग छत त्यास घुमवितें. आधीं छत आणि मग गळा असा उलटा व्यवहार कोणी ऐकिला आहे काय ? आमच्या मंडळीच्या घोंगडीचें अर्धें रहस्य हेंच होतें.

ह्यावर तोड निघाली ती सोपी पण मोठ्या कामाची. अँप्लिफायरचे मूळचेच दोन भाग असतात. पहिला प्रीअँप, जो गिटारच्या दुबळ्या संदेशास वाढवितो व त्यास वळण देतो. दुसरा पॉवर अँप, जो स्पीकर हालविण्याजोगें बळ देतो. ह्या दोहोंच्या मधोमध एक बाहेर जाण्याची व एक परत येण्याची वाट काढिली म्हणजे बाहेरचें यंत्र बरोबर मध्यें बसतें. ह्या वाटेस इफेक्ट लूप म्हणतात. कॅलिफोर्नियांतील रँडल स्मिथ ह्यांच्या मेसा-बूगी अँप्लिफायरांत ती 1980 च्या आसपास दिसूं लागली, आणि पुढें ती सर्वत्र रूढ झाली. ह्या वाटेनें खरखर आधीं होते व प्रतिध्वनि मागून येतो. स्वर दाबून सारखा करणारें, वाह-वाह करणारें, किंवा अधिक खरखर आणणारें यंत्र अँप्लिफायरच्या तोंडाशीं. प्रतिध्वनि, घुमारा व कोरस मधल्या वाटेंत, असा साधारण नियम ठरला. ज्या एकाच पेटींत हीं दोन्हीं प्रकारचीं कामें आहेत, ती चार तारांनीं जोडतात : गिटारपासून पेटींत, पेटींतून अँप्लिफायरच्या तोंडांत, मधल्या वाटेनें पुन्हां पेटींत, आणि शेवटीं पेटींतून पॉवर अँपमध्यें. ह्यामुळें पेटीचा एक भाग अँप्लिफायरच्या आधीं व दुसरा भाग मध्यें बसतो.

तथापि नियम हा वेदवाक्य नव्हे. आयर्लंडच्या यू-टू ह्या वृंदाचा गिटारवादक 'एज' ह्यानें 1980 नंतरच्या दशकांत कॉर्ग कंपनीचें डिजिटल विलंबयंत्र आपल्या 1964 च्या व्हॉक्स एसी-30 च्या तोंडाशींच जोडिलें, आणि त्या दोहोंच्या संगतींतून जगानें ओळखावा असा आवाज निघाला. त्याचें कारण असें कीं, त्याचा अँप्लिफायर फारसा गर्जत नव्हता. तो स्वच्छपणाच्या कांठावर ठेविलेला होता, त्यामुळें प्रत्येक प्रतिध्वनि निराळा राहिला. म्हणजे जागा ठरवितांना शेजाऱ्याचा स्वभाव पाहावा लागतो, हाच ह्या अपवादाचा अर्थ.

1998 सालीं लाइन-6 कंपनीचें पॉड हें छोटें यंत्र निघालें, आणि वादास नवें तोंड फुटलें. ह्या यंत्रांत अँप्लिफायरांचेंच गणित मांडलेलें होतें. 2006 मध्यें अ‍ॅक्स-एफएक्स आलें, 2011 मध्यें जर्मनीचें केंपर आलें, व ह्या यंत्रांनीं नक्कल इतकी हुबेहूब केली कीं व्हॉल्व्हचा मृत्युलेख अनेकांनीं लिहून टाकिला. ट्रान्झिस्टर आल्यावर तो एकदां लिहिला गेलाच होता. रेडिओंतून, दूरदर्शन-संचांतून, गणकयंत्रांतून व्हॉल्व्ह खरोखरच गेले. आमच्या देशांतही बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांत एके काळीं रेडिओचे व्हॉल्व्ह होत, तें युग सरलें. परंतु गिटारवाल्यांनीं त्यास सोडिलें नाहीं. त्यांच्याच मागणीवर रशिया, स्लोव्हाकिया व चीन ह्या देशांतील मोजक्या कारखान्यांचें हें काम मुख्यत्वें चालत आलें आहे. हा आधार किती बारीक आहे तें 1922 च्या नव्हे, अगदीं अलीकडच्या 2022 च्या मार्च महिन्यांत दिसून आलें. युक्रेनवरील युद्धाच्या धामधुमींत रशियाची निर्यात कांहीं काळ अडली, आणि जगभरच्या दुकानांत व्हॉल्व्हची धांवाधांव उडाली. म्हणून जुना अँप्लिफायर मोडींत घालण्याची घाई करणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, टाकणें एका क्षणाचें काम आहे, पुन्हां मिळविणें तसें नाहीं.

आतां आमच्या मंडळीच्या पेटीकडे परत येऊं. घोंगडीचें उरलेलें अर्धें रहस्य सोंगांत होतें. पेटी दुसऱ्या अँप्लिफायरचें व त्याच्या स्पीकरचें सोंग घेऊन बोलत होती, आणि तो आवाज खऱ्या अँप्लिफायरमधून व खऱ्या स्पीकरमधून जात होता. गिटारचा स्पीकर स्वभावतःच वरचे तीक्ष्ण स्वर गाळतो. एकदां गणितानें गाळलें, पुन्हां कागदी पडद्यानें गाळलें. मग उरणार काय? खरा अँप्लिफायर समोर असतांना स्पीकरचें सोंग बंद ठेवावें, आणि अँप्लिफायरचें सोंगही शक्यतों बंदच असावें, हा पहिला धडा.

दुसरा धडा मापाचा. गिटारचा संदेश सामान्यतः व्होल्टच्या दशांशाच्या घरांतला. मुद्रणगृहाच्या यंत्रांचें माप सव्वा व्होल्टाजवळचें. पेटीचें माप चुकीचें ठेविलें तर एक तर यंत्राच्या आंतच अंक ओसंडून आवाज फाटतो, अगर आवाज दुबळा होऊन मागील सूं-सूं वर येते. अंकांचें फाटणें व्हॉल्व्हच्या खरखरीसारखें गोड नसतें, तें कांच फुटल्यासारखें असतें.

तिसरा धडा वेळेचा. ध्वनीचे अंक करण्यास व अंकांचा ध्वनि करण्यास एक-दोन सहस्रांश सेकंद लागतात. स्पीकरपासून अर्धा-पाऊण मीटर मागें सरकल्यानें जेवढा विलंब होतो तेवढाच हा, म्हणून एरवीं तो जाणवत नाहीं. पण कांहीं अँप्लिफायरांतील मधली वाट अशी असते कीं मूळ आवाज सरळ पुढें जातो व पेटींतून आलेला आवाज त्यांत मागून मिसळतो. तेथें पेटीनेंही मूळ आवाजाची प्रत पाठविली तर दोन सहस्रांश सेकंदांच्या अंतरानें 250, 750, 1250 अशा कंपनसंख्यांचे स्वर एकमेकांस मारून टाकतात, आणि आवाज पोकळ होतो. अशा ठिकाणीं पेटीनें निव्वळ प्रतिध्वनि द्यावा, मूळ स्वर मुळींच देऊं नये.

चौथा धडा जीविताचा, म्हणून तो सर्वांत मोठा. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरांत चारशेंहून अधिक व्होल्टाचा दाब असूं शकतो, आणि वीज बंद केल्यावरही तो कांहीं काळ आंत साठून राहतो. जाणत्या कारागिरावांचून कोणी तो उघडूं नये. स्पीकर अथवा त्याच्या जागीं योग्य भार जोडिल्याशिवाय तो चालवूं नये. नाहीं तर आंतील ट्रान्सफॉर्मर जळण्याची भीति असते. दोन यंत्रें जोडल्यावर गुणगुण येऊं लागली म्हणून प्लगची जमिनीची पीन कित्येकजण कापून टाकतात. हा उपाय नव्हे, आत्मघात होय. गुणगुणीवर ट्रान्सफॉर्मरनें विलग केलेली जोडणी हा सुरक्षित उपाय आहे.

हे धडे घेऊन आमच्या मंडळींनीं एका संध्याकाळीं पुन्हां जोडणी केली. सोंगें बंद केलीं, पेटी मधल्या वाटेंत घातली, मापें जुळविलीं. ज्या तरुणानें अँप्लिफायर मोडींत घालण्याचें सुचविलें होतें त्यानेंच पहिली तार छेडली. आवाज अँप्लिफायरचाच होता, ऊबदार व भरलेला ; आणि तार थांबल्यावर मागून पेटीचा घुमारा हलकेच वर चढला. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग एक वडील गृहस्थ म्हणाले, "पुन्हां वाजव."

तात्पर्य सांगण्यास फार शब्द नकोत. शंभर वर्षांहून अधिक वयाची नळी आणि कालचें अंकयंत्र ह्यांचें वैर मुळांत नव्हतेंच. तक्रार यंत्रांची नव्हती, जागेची होती. स्वर घडवावा व्हॉल्व्हनें, आणि त्यास अवकाश द्यावा अंकांनीं. एकानें दुसऱ्याचें काम करूं पाहिलें कीं दोघेही बिघडतात. पुढेंमागें व्हॉल्व्हचे कारखाने खरोखरच बंद पडले तर अंकांची नक्कल आपल्या कामीं येईल, व तिचें ऋण तेव्हां मानावें लागेल. तोंपर्यंत मात्र वस्तु टाकण्यापूर्वीं तिची जागा चुकली आहे कीं काय, एवढें एकदां पाहावें. असो. आमची तरुण मंडळी आतां अँप्लिफायर तापेपर्यंत दोन मिनिटें शांत बसते, हाही एक लाभच म्हणावयाचा.